काट्यावरून पावती जात नाही, ४०१ येतो: एकाच सर्व्हरवर वेगवेगळं ऑथेंटिकेशन असलं की कुठे कुठे बघायचं

केळीची कटाई जोरात सुरू झाली की हा फोन ठरलेला. "भाऊ, पावती जात नाही, चारशे एक का काय येतंय, गाडी काट्यावर उभी आहे." कधी सावद्याहून, कधी रावेरहून, कधी चोपड्याहून, कधी पार शिरपूरहून. म्हणजे वजनकाट्याच्या पीसीवरून पावती सर्व्हरवर चढत नाही, आणि सर्व्हर ४०१ देतो, म्हणजे ओळख पटली नाही (ऑथेंटिकेशन झालं नाही) असं सांगणारा कोड. आणि आपण फोन उचलेपर्यंत तिकडच्या पोराने घाबरून पासवर्ड बदलून टाकलेला असतो, म्हणजे मूळ बिघाड जागच्या जागी आणि वरून आता खरा पासवर्ड कुठला तेही कोणाला सांगता येत नाही. मे महिन्यात इकडे ऊन पंचेचाळीसला टेकतं, त्या उन्हात कापलेला माल गाडीत थांबून राहणं परवडत नाही, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय, ज्याला अडेल त्याने वरून खाली बघत यावं.

माझं म्हणणं एकच आहे. ४०१ दिसला की पासवर्डला हात लावायचा नाही. आधी तो ४०१ दिला कोणी ते शोधायचं, मग का दिला ते, आणि त्यानंतर काय बदलायचं ते बदला. पासवर्ड खरंच चुकलाय असं क्वचित निघतं, आणि ज्या सेटअपमध्ये कालपर्यंत चालत होतं तिथे तर फारच क्वचित.

मांडणी बहुतेकांची अशीच असते. एक सर्व्हर, पुढे एनजिनएक्स (आलेली विनंती घेऊन मागे पाठवणारा वेब सर्व्हर), मागे आपलं ॲप्लिकेशन. त्यावर नाना प्रकारचे क्लायंट येतात. काट्यावरचा विंडोज पीसी आणि त्यातलं जुनं सॉफ्टवेअर, त्याला फक्त बेसिक ऑथ जमतं, म्हणजे दर विनंतीसोबत नाव आणि पासवर्ड. व्यापाऱ्यांचं मोबाइल ॲप, ते बेअरर टोकन आणतं, म्हणजे लॉगिन केल्यावर मिळणारा, ठराविक वेळ चालणारा पास. रायपनिंग चेंबरमधले, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीतले, तापमानाचे सेन्सर, ते हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) एपीआय की, म्हणजे ठरलेली गुप्त किल्ली, पाठवतात. पेमेंट गेटवेचा वेबहुक (तिकडे काही घडलं की आपोआप येणारी विनंती), तो एचमॅकची सही करून येतो, म्हणजे गुप्त की वापरून मजकुरावरून काढलेली सही. निर्यातदाराची सिस्टीम, ती स्वतःची ओळख पटवणारं क्लायंट सर्टिफिकेट दाखवते. एकेकटं बघितलं तर यात अवघड काहीच नाही, सगळी गोची होते ती हे सगळे एकाच डोमेनवर, एकाच कॉन्फिग फाइलमध्ये शेजारी शेजारी बसवले की.

४०१ दिला कोणी

एनजिनएक्सच्या ॲक्सेस लॉगचा फॉरमॅट उघडा आणि त्यात अपस्ट्रीम स्टेटस हा व्हेरिएबल टाका, नसेल तर आत्ताच टाका, हे पोस्ट नंतर वाचा. त्या जागी ४०१ दिसला तर उत्तर मागच्या ॲप्लिकेशनने दिलंय. तिथे नुसती आडवी रेघ दिसली आणि एकूण स्टेटस मात्र ४०१ आहे, तर विनंती मागे गेलीच नाही, एनजिनएक्सनेच दारातून परत पाठवली. एवढ्या एका गोष्टीने अर्धी शोधाशोध वाचते, कारण नाहीतर माणूस ॲप्लिकेशनचा कोड उलटापालटा करत बसतो आणि तिकडे विनंती पोहोचलेलीच नसते.

दुसरं म्हणजे उत्तरातला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर वाचा. एचटीटीपीचा नियमच आहे, सध्या तो २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज), की ४०१ देणाऱ्याने हा हेडर दिलाच पाहिजे आणि आपल्याला कुठल्या पद्धतीचं ऑथेंटिकेशन हवंय ते त्यात सांगितलं पाहिजे. काट्याचा पीसी बेसिक पाठवतोय आणि उत्तरात "बेअरर" लिहून आलंय, तर पासवर्ड तपासलाच गेलेला नाही, विनंती चुकीच्या नियमात जाऊन पडलीय. बेअरर असेल तर २०१२ च्या आरएफसी ६७५० प्रमाणे कारणही येऊ शकतं, इनव्हॅलिड टोकन म्हणजे टोकन संपलंय किंवा बिघडलंय, इनसफिशियंट स्कोप म्हणजे टोकन बरोबर आहे पण त्याला एवढी परवानगी नाही, आणि त्याच्यासोबत ४०३ यायला हवा. ४०१ म्हणजे "तू कोण ते मला पटलं नाही" आणि ४०३ म्हणजे "तू कोण ते कळलं, पण तुला आत सोडत नाही", हे दोन कोड आपल्या ॲप्लिकेशनमध्ये सरसकट एकासाठी दुसरा वापरलेले असतील तर पहिलं काम म्हणून ते वेगळे करा, नाहीतर लॉग वाचण्यात काही अर्थ राहत नाही. ४०७ दिसला तर तो मधल्या प्रॉक्सीचा आहे, आपल्या सर्व्हरचा त्यात काही संबंध नाही, ज्या ऑफिसातून येतोय तिथल्या नेटवर्कवाल्याला विचारा.

आणि एक प्रकार असा की ४०१ येतच नाही, येतो ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर जा) आणि त्याच्या मागे लॉगिन पान, २०० (सगळं ठीक) सकट. ॲप म्हणतं जेसन (माहिती पाठवायचा मजकुराचा फॉरमॅट) वाचता येत नाही, आणि सगळे जेसनच्या मागे लागतात. याचं कारण बहुतेकदा फ्रेमवर्कची डिफॉल्ट स्कीम कुकीवर ठेवलेली असते, वेबसाइटसाठी ती बरोबरच आहे, पण एपीआयचे रस्ते त्यातून बाहेर काढून त्यांना आपली स्कीम नाव घेऊन द्यावी लागते.

ऑथोरायझेशन हेडर एकच आहे

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा घोळ हा. बेसिक आणि बेअरर दोन्ही एकाच ऑथोरायझेशन हेडरमध्ये जातात आणि एका विनंतीत तो एकदाच जातो. आता कोणीतरी टेस्टिंगची साइट बाहेरच्यांना दिसू नये म्हणून एनजिनएक्समध्ये वरच्या पातळीवर ऑथ बेसिक लावून ठेवतं. ते खालच्या सगळ्या लोकेशनमध्ये (कॉन्फिगमधले एकेका रस्त्याचे नियम) आपोआप उतरतं. मोबाइल ॲप बेअरर पाठवतं, एनजिनएक्सला बेसिक हवंय, झाला ४०१. मग कोणीतरी ॲपमध्ये बेसिक घालतो, एनजिनएक्स खूश, पण तोच हेडर मागे जातो आणि तिथला टोकनवाला फिल्टर म्हणतो हे टोकन नाही, परत ४०१, आता दुसऱ्या जागेवरून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात म्हणून माणूस वेडा होतो. इलाज सोपा आहे, ज्या लोकेशनमध्ये बेअरर चालणार तिथे ऑथ बेसिक ऑफ असं स्पष्ट लिहा.

उलट जिथे बेसिकची तपासणी एनजिनएक्सच करतोय आणि मागे तो हेडर जायला नको, तिथे लोक प्रॉक्सी सेट हेडर वापरून ऑथोरायझेशन रिकामा करतात. हे बरोबर आहे, पण त्यात एक खाच आहे जी डॉक्युमेंटेशनमध्ये एका ओळीत लिहिलीय आणि कोणी वाचत नाही. एखाद्या लोकेशनमध्ये तुम्ही एक जरी प्रॉक्सी सेट हेडर लिहिला की वरच्या पातळीवरचे सगळे प्रॉक्सी सेट हेडर तिथे लागू होणं बंद होतं. म्हणजे होस्ट गेला, एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो गेला, मग ॲप्लिकेशनला वाटतं विनंती साध्या एचटीटीपीवर आलीय, ते एचटीटीपीएसकडे रीडायरेक्ट करतं, परत तेच, गोल गोल. एक दुरुस्त केलं की दुसरं मोडतं म्हणतात ते इथून. माझ्या मते सामाईक हेडरची एक छोटी वेगळी फाइल करावी आणि प्रत्येक लोकेशनमध्ये ती इन्क्लूड करावी, मग विसरायला जागाच राहत नाही.

कर्लने चालतं, प्रोग्रॅममधून नाही

कर्ल म्हणजे टर्मिनलमधून विनंती पाठवून बघायचं साधन. वरचं वाक्य ऐकलं की मी आधी पत्त्यातली शेवटची स्लॅश बघतो. एनजिनएक्समध्ये लोकेशन स्लॅशने संपत असेल आणि त्यात प्रॉक्सी पास (विनंती मागे पाठवणारी ओळ) असेल, आणि विनंती त्याच पत्त्यावर पण स्लॅशशिवाय आली, तर एनजिनएक्स स्वतःहून ३०१ देतो, म्हणजे स्लॅशवाल्या पत्त्यावर जा म्हणतो. आता पुढे काय होईल ते क्लायंटवर अवलंबून. बरेच क्लायंट ३०१ वर पोस्टचा (मजकूर पाठवणारी विनंती) गेट (नुसती मागणारी) करून टाकतात, त्यामुळे पावतीचा मजकूर गेला. डॉटनेटचा एचटीटीपी क्लायंट रीडायरेक्टच्या मागे जाताना ऑथोरायझेशन हेडर काढून टाकतो, सुरक्षेसाठीच काढतो, चूक नाही त्याची. कर्ल मात्र होस्ट तोच असेल तर हेडर ठेवतो आणि दुसऱ्या होस्टवर गेलं तरच काढतो. म्हणून टर्मिनलमध्ये सगळं छान आणि काट्यावर ४०१. तसंच डोमेनचं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या पत्त्यावरून नसलेल्यावर पाठवत असाल तर होस्ट बदलला, तिथे कर्लही हेडर सोडून देईल. इलाज म्हणजे क्लायंटच्या सेटिंगमध्ये शेवटचा, रीडायरेक्ट न होणारा पत्ता अक्षर न अक्षर बरोबर लिहायचा. तपासायला कर्लला रीडायरेक्टच्या मागे जाऊ देऊ नका, पहिलंच उत्तर काय येतं ते बघा.

सेन्सरची एपीआय की पोहोचत नसेल तर हेडरच्या नावात अंडरस्कोअर आहे का ते बघा. असं नाव असलेला हेडर एनजिनएक्स डिफॉल्टने गुपचूप टाकून देतो, उत्तरात एक शब्द सांगत नाही. सेटिंग बदलता येतं, पण मी म्हणेन नाव बदला, अंडरस्कोअरच्या जागी डॅश करा, उद्या मधे दुसरा प्रॉक्सी आला तर तोही हेच करू शकतो. आणि जे लोक अपाचीवर पीएचपी सीजीआय किंवा फास्टसीजीआयने चालवतात, त्यांच्याकडे ऑथोरायझेशन हेडर स्क्रिप्टपर्यंत पोहोचतच नाही, अपाची २.४.१३ पासून त्यासाठी सीजीआय पास ऑथ नावाचा डायरेक्टिव्ह आहे. होस्टिंग बदललं की हा त्रास दरवेळी नव्याने उगवतो कारण जुन्या सर्व्हरवर कोणीतरी कधीकाळी केलेली ती ओळ नव्यावर येत नाही.

बेसिकची बेस६४ स्ट्रिंग हाताने बनवत असाल तर साध्या इकोने नवी ओळ शेवटी चिकटते आणि ती पासवर्डचा भाग होते, प्रिंटएफ वापरा.

थोडा वेळ चालतं मग बंद पडतं

आता खरा तिढा. सकाळी चालतं, दुपारी नाही, संध्याकाळी परत चालतं. अशा वेळी घड्याळ आणि टोकन, दोनच गोष्टी.

टोकनमधला संपण्याचा वेळ हा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असतो आणि तो यूटीसीमध्ये मोजतात. कोणी लोकल वेळेचा हिशोब करून तो भरला की बरोबर साडेपाच तासांचा, म्हणजे १९,८०० सेकंदांचा फरक पडतो. टोकन मिळाल्या मिळाल्या संपलेलं निघतं किंवा संपायला हवं तेव्हा संपत नाही. आकडा १० अंकी असायला हवा, १३ अंकी असेल तर तो मिलिसेकंदात भरलाय. टोकन उघडून हा आकडा बघायला मिनिटभर लागतं, पण खरं टोकन कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर पेस्ट करून उघडू नका, आपल्या मशीनवर उघडा.

काट्याच्या पीसीचं घड्याळ हा खानदेशातला खास विषय आहे असं मला वाटतं. लाइट जाते, यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली असते, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही उन्हाळ्यात गेलेला असतो. लाइट आली की पीसी चालू होतो आणि तारीख काही वर्षं मागे. आता सर्व्हर टोकन तपासतो ते स्वतःच्या घड्याळाने, म्हणून लोक म्हणतात पीसीच्या घड्याळाचा काय संबंध. संबंध असा की क्लायंटचं सॉफ्टवेअर "टोकन अजून चालतंय का" हे स्वतःच्या घड्याळाने ठरवतं. तारीख मागे असली की त्याला वाटतं टोकनला अजून भरपूर आयुष्य आहे, ते नवं मागतच नाही, आणि जुनं मेलेलं टोकन पाठवत राहतं. सही करून येणाऱ्या विनंतीत वेळेचा शिक्का असेल आणि सर्व्हर ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेत असेल तर तिथेही नकार. तारीख फारच मागे गेली तर सर्व्हरचं टीएलएस (एचटीटीपीएसचं) सर्टिफिकेटच "अजून सुरू झालं नाही" म्हणून नाकारलं जातं, मग ४०१ पर्यंतसुद्धा गाडी जात नाही.

आणि "ऑटो सिंक चालू आहे ना" यावर भरवसा ठेवू नका. डोमेनमध्ये नसलेल्या विंडोज पीसीवर टाइम सर्व्हिसची मर्यादा डिफॉल्टने ५४,००० सेकंद म्हणजे १५ तास आहे, त्याहून जास्त फरक असला की ती घड्याळ आपोआप दुरुस्त करत नाही. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ती हात वर करते. तारीख एकदा हाताने जवळपास लावा, मग सिंक करा, आणि सेल बदला, तो किराणा दुकानातही मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये करायची गोष्ट अशी की संपण्याची तारीख घड्याळाशी ताडून बघू नका, टोकनसोबत एक्स्पायर्स इन म्हणून सेकंद येतात ते टोकन मिळाल्या क्षणापासून मोजा, आणि तरीही ४०१ आलाच तर एकदाच, फक्त एकदाच, नवं टोकन घेऊन तीच विनंती परत पाठवा. "एकदाच" यावर जोर देतोय कारण अमर्याद रीट्राय लावलेला काटा रात्रभर सर्व्हरला ठोकत बसतो आणि मग रेट लिमिट लागून बाकीच्या काट्यांचंही बंद होतं.

टोकनचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. गर्दी वाढते म्हणून मालक दुसरा काटा लावतो, पहिल्या पीसीवरचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून दुसऱ्यावर टाकतो, लॉगिन तेच, रिफ्रेश टोकनही (नवं टोकन मागायला लागणारं) तेच. सर्व्हर जर दरवेळी रिफ्रेश टोकन बदलून देत असेल तर पहिल्या काट्याने नवं घेतलं की दुसऱ्याकडचं जुनं ठरतं. दुसऱ्याने ते जुनं वापरलं की सर्व्हरला वाटतं टोकन चोरीला गेलंय आणि तो दोघांचंही रद्द करतो. एका ग्राहकाकडे हे असं चाललं होतं आणि दोन काट्यांवरची पोरं एकमेकांना दोष देत होती, "तू चालू केलं की माझं बंद पडतं", आणि ती अक्षरशः खरं बोलत होती. प्रत्येक मशीनला स्वतःचं वेगळं क्लायंट आयडी आणि वेगळं लॉगिन द्या, मालकाने कितीही म्हटलं "एकच ठेव भो, सोपं पडतं" तरी ऐकू नका, कारण पुढे कुठल्या काट्यावरून कुठली पावती आली हेही त्यावरूनच कळणार आहे.

मराठी नाव आलं की सही जुळत नाही

वेबहुकवाल्यांनी हे नक्की वाचा. एचमॅकची सही ही आलेल्या मजकुराच्या बाइट्सवर असते, अर्थावर नाही. फ्रेमवर्कने जेसन वाचून ऑब्जेक्ट केला आणि तुम्ही तो परत जेसन करून सही ताडली की गडबड. पायथनचं जेसन डिफॉल्टने देवनागरी अक्षरांच्या जागी यू-वाले एस्केप कोड लिहितं, पीएचपीही तसंच करतं आणि वर स्लॅशच्या आधी उलटी स्लॅशही लावतं. पाठवणाऱ्याने सरळ यूटीएफ-८ मध्ये "पाटील" पाठवलेलं असतं. म्हणून इंग्रजीत नाव असलेल्या व्यापाऱ्याचं पेमेंट लागतं आणि मराठीत नाव भरलेल्याचं ४०१ होऊन पडतं. यावर "नावं इंग्रजीतच भरा" असा फतवा काढणारे मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका, शेतकऱ्याने आपलं नाव आपल्या लिपीत भरलं तर ते चाललंच पाहिजे. विनंती आली की जेसन वाचण्याआधी कच्चा मजकूर जसाच्या तसा बाजूला काढा, त्यावर सही तपासा, मग पुढचं.

क्लायंट सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. एनजिनएक्समध्ये त्याची तपासणी सर्व्हर पातळीवर लागते, एकेका लोकेशनला वेगळी लावता येत नाही. एकाच रस्त्यासाठी सर्टिफिकेट हवं असेल तर वर ऑप्शनल ठेवा आणि त्या लोकेशनमध्ये निकाल तपासून नकार द्या, किंवा त्यापेक्षा वेगळं सबडोमेन करा, मला तेच बरं वाटतं. आणि सर्टिफिकेट संपण्याची तारीख लिहून ठेवा. ब्राउझरमधल्या डॅशबोर्डचंच अडत असेल आणि ॲप चालत असेल तर ऑप्शन्स विनंती बघा, ब्राउझर ती आधी पाठवतो आणि तिच्यात ऑथोरायझेशन नसतो, तिला ४०१ देऊ नका.

बसवताना

एका एंडपॉइंटला (एपीआयच्या एकेका पत्त्याला) एकच पद्धत द्या. "पाचपैकी काहीही चालेल" असं सगळीकडे करून टाकलं की फोन बंद होतात हे खरं, पण मग सेन्सरच्या कीने पावत्याही बनवता येतात, आणि ती की भिंतीवरच्या डब्यात कोणालाही सापडेल अशी पडलेली असते. नियमांचा क्रम लावताना नेमके रस्ते आधी आणि सगळ्यांना लागू होणारा शेवटी, स्प्रिंग सिक्युरिटीसारख्या ठिकाणी जो नियम आधी जुळतो तोच लागतो, आणि तो शेवटचा सगळं नाकारणारा असू द्या. नवा एंडपॉइंट कोणी जोडला आणि नियम लिहायला विसरला तर तो बंद दिसेल, उघडा राहणार नाही.

प्रत्येक बदलानंतर प्रत्येक एंडपॉइंटला चार विनंत्या पाठवा: काहीच न देता, चुकीचं देऊन, बरोबर देऊन, आणि शेजारच्या एंडपॉइंटचं बरोबर देऊन. चौथीला नकार आलाच पाहिजे. बहुतेक लोक पहिल्या तीन करतात आणि चौथी सोडतात, आणि सगळ्यात वाईट चुका चौथीतच सापडतात. एक छोटी स्क्रिप्ट करून ठेवा म्हणजे सीझनमध्ये डोकं वापरावं लागत नाही.

एवढं करूनही अडलं आणि कोणाची मदत घ्यायची असेल तर त्याला द्या: पूर्ण पत्ता शेवटच्या स्लॅशसकट, मेथड, उत्तराचे सगळे हेडर, लॉगमधली ती ओळ अपस्ट्रीम स्टेटससकट, आणि दोन्हीकडच्या घड्याळांची वेळ. टोकन, की, पासवर्ड यातलं काहीही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. बेस६४ केलेलं बेसिकही पाठवू नका, ते एन्क्रिप्शन नाही, कोणीही सरळ उलट करून वाचू शकतं. आणि चुकून पाठवलंच गेलं असेल तर ते त्याच दिवशी बदला, पासवर्ड बदलायची खरी वेळ तीच.